कॉमिक छापायला लोकांकडून पैसे गोळा करायचेत? मग आधी वजनकाटा काढा

क्राउडफंडिंगचं नाव काढलं की नवीन माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. पेज कसं बनवायचं, व्हिडिओ लागतोच का, लाँच कुठल्या वारी करायचं. पेज बनवणं हे दोन-तीन संध्याकाळचं काम आहे, त्याचं एवढं काही नाही. लोक अडकतात ते त्याच्या आधीच्या हिशोबात आणि नंतरच्या पॅकिंगमध्ये, म्हणजे कॅम्पेन "यशस्वी" झालं, अभिनंदनाचे मेसेज आले, आणि सहा महिन्यांनी कळलं की शेवटची चाळीस पाकिटं स्वतःच्या खिशातून पाठवायला लागणार आहेत. माझ्या पहिल्या वेळी अगदी हेच झालं. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यात पोस्टेजचं रडगाणं जरा जास्त आहे, सांभाळून घ्या.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या, लोक तुम्हाला देणगी देत नाहीयेत आणि तुमच्या धंद्यात भागीदारही होत नाहीयेत. ही सरळ सरळ आगाऊ नोंदणी आहे, फक्त पुस्तक अजून छापलेलं नाही एवढंच. पुस्तक समोरच्याच्या हातात पडेपर्यंत खात्यात आलेला पैसा तुमचा नाही असं समजून वागलात तर अर्धे निर्णय आपोआप बरोबर येतात.

आधी कॉमिक, मग बाकीचं

किती पानं तयार असताना कॅम्पेन काढावं? माझं मत विचाराल तर पहिल्यांदा काढणाऱ्याने सगळी पानं तयार असतानाच काढावं. पेन्सिल, इंक, रंग, लेटरिंग (फुग्यांतले संवाद लिहिणं), सगळं. खूप जण "पैसे आले की उरलेली वीस पानं काढतो" म्हणून उतरतात आणि मग तीच वीस पानं वर्षभर चालतात कारण मध्ये नोकरी असते, आजारपण असतं, किंवा नुसता कंटाळा येतो, आणि रोज कोणीतरी विचारत असतं की कुठपर्यंत आलं. अगदीच नाही जमत तर निदान निम्म्याच्या वर पानं पूर्ण हवीत आणि उरलेल्यांचे थंबनेल, म्हणजे पानांचे छोटे कच्चे आराखडे, तरी पक्के हवेत, म्हणजे पानसंख्या बदलणार नाही. पानसंख्या बदलली की छपाई बदलते, वजन बदलतं, पोस्टेज बदलतं, सगळंच.

पानं ४ च्या पटीत धरा. मधे पिना मारलेलं पुस्तक, म्हणजे सेंटर पिन, हे घडी घातलेल्या कागदांचं असतं आणि एका घडीची चार पानं होतात, त्यामुळे ३० पानांचं कॉमिक असा प्रकार नसतो, २८ नाहीतर ३२. ऑफसेटला (प्लेट बनवून होणारी छपाई) गेलात तर बऱ्याचदा १६ पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेल्या पानांच्या गटात, हिशोब बसतो, तिथे ४८ पानं ही ५२ पानांपेक्षा जास्त सोयीची पडू शकतात. हे समजायला साधे कागद घ्या, आठ-दहा, घडी घाला, पिन मारा, पेन्सिलने पानांचे नंबर टाका आणि उलटून बघा. ही डमी पाच मिनिटांत होते आणि तुमचं ते शेवटचं धक्कादायक चित्र पान उलटल्यावर येतंय की आधीच समोर दिसतंय हे स्क्रीनवर कधीच कळत नाही ते इथे कळतं.

कॉमिक एकट्याचं नसेल, म्हणजे लेखक वेगळा, चित्रकार वेगळा, रंग तिसऱ्याचे, तर कोणाला किती आणि कधी मिळणार हे लिहून काढा. मित्र असलात तरी. मित्र असलात तर जास्तच. कॅम्पेन अपेक्षेपेक्षा जास्त गेलं तर वरचा पैसा कोणाचा, कॅरेक्टरचे हक्क कोणाकडे, दुसरा भाग काढायचा झाला तर काय, एक पानभर लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. आणि हो, फॉन्ट. लेटरिंगला वापरलेला फॉन्ट "वैयक्तिक वापरासाठी मोफत" असेल तर तो विकायच्या पुस्तकात चालत नाही, लायसन्स वाचा. ओपन फॉन्ट लायसन्सवाले फॉन्ट छापील विक्रीला बिनधास्त चालतात. लेटरिंग देवनागरीत असेल तर इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलाय ना ते बघा, नाहीतर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते, आणि ते नेमकं सगळ्यात गंभीर संवादातच होतं.

प्लॅटफॉर्म

यावर लोक आठवडे घालवतात, खरं तर मुद्दा एकच आहे. दोन पद्धती आहेत. एक, "सगळं नाहीतर काहीच नाही", म्हणजे ठरलेला आकडा गाठला तरच पैसे कापले जातात, नाहीतर कोणाचाच रुपया हलत नाही. किकस्टार्टर ही साइट २००९ पासून अशीच चालते. दुसरी, जेवढे जमतील तेवढे घ्या, ही इंडीगोगो या साइटने रुजवली. दुसरी ऐकायला गोड वाटते पण कॉमिकला ती घातक आहे, कारण निम्मे पैसे जमले तर निम्मी पुस्तकं छापून येत नाहीत. छपाईचा कमीत कमी खर्च ठरलेला असतो. साठ लोकांचे पैसे घेतलेत आणि छापायला दीडशे लोकांचे लागतात, आता काय करणार? म्हणून पहिल्या कॅम्पेनला पहिलीच पद्धत.

बाकी बघायचं ते असं. किकस्टार्टरवर कॅम्पेन काढणारा ठराविक देशांच्या यादीतला रहिवासी असावा लागतो आणि बँक खातंही त्याच देशातलं, पैसे देणारा मात्र जवळपास कुठलाही चालतो, त्यामुळे यादी सगळ्यात आधी तपासा, पेज सजवून झाल्यावर नको. त्यांची फी जमलेल्या रकमेच्या ५ टक्के, वर पेमेंट प्रोसेसिंगचे साधारण ३ ते ५ टक्के. कॅम्पेन पडलं तर फी शून्य. आणि एआयने काही बनवलं असेल तर २०२३ पासून तिथे ते जाहीर करावं लागतं, लपवू नका.

जिथे तुमचे वाचक आधीपासून पैसे देतात तो प्लॅटफॉर्म घ्या, एवढंच. कमी फीसाठी कोणी नाव न ऐकलेल्या साइटवर गेलात तर लोक कार्ड नंबर टाकायला कचरतात, त्यात दोन टक्के वाचवून वीस टक्के गमावाल.

छपाईवाल्याला काय विचारायचं

"४८ पानी कॉमिकचा काय रेट?" असं विचारलंत तर काहीतरी आकडा मिळेल आणि तो नंतर बदलेल. विचारायचं असं: साइज किती, आतली पानं किती आणि रंगीत की काळीपांढरी, आतला कागद किती जीएसएमचा (दर चौरस मीटरला किती ग्रॅम), कव्हर किती जीएसएमचं, लॅमिनेशन मॅट की ग्लॉसी, बाइंडिंग सेंटर पिन की परफेक्ट (पाठीला गोंदाने चिकटवलेलं), आणि प्रती १००, २००, ५००, १००० अशा चारही आकड्यांचा रेट. चार आकडे मागायचं कारण म्हणजे डिजिटल छपाईत दर प्रत साधारण तीच राहते आणि ऑफसेटमध्ये प्लेट बनवायचा खर्च एकदाच असल्यामुळे प्रती वाढल्या की दर झपाझप खाली येतो. ते चार आकडे समोर आले की डिजिटल सोडून ऑफसेटला कुठे जायचं ते दिसतं. निदान तीन ठिकाणांहून कोटेशन घ्या, लेखी, आणि ते किती दिवस व्हॅलिड आहे तेही लिहून घ्या कारण कागदाचे भाव हलतात आणि तुमची छपाई कोटेशननंतर चार-पाच महिन्यांनी होणार आहे.

आणि त्यांच्याकडे आधी छापलेलं कॉमिक मागा, बघायला. लग्नपत्रिका झकास छापणारा कॉमिक झकास छापेल असं नाही.

फाइलच्या बाबतीत थोडक्यात: रंगीत पानं ३०० डीपीआय (इंचाला किती ठिपके), शुद्ध काळ्या रेषांचं काम ६०० किंवा त्याहून जास्त, सीएमवायके (छपाईच्या चार शायांची रंगपद्धत), चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापणीसाठी चित्र कडेबाहेर वाढवणं), आणि संवादाचे फुगे कडेपासून आणि शिलाईपासून आत. आता माझी फजिती. पहिल्या पुस्तकाची लेटरिंग मी आरजीबीमध्येच, म्हणजे स्क्रीनच्या रंगपद्धतीत, ठेवली होती आणि शेवटी एका झटक्यात सगळी फाइल सीएमवायकेला बदलली. झालं असं की काळी अक्षरं नुसती काळी न राहता चार शायांची झाली, छापताना शाया केसभर इकडेतिकडे सरकल्या आणि प्रत्येक अक्षराच्या मागे गुलाबी-निळी सावली आली. आख्ख्या पुस्तकात. चूक माझीच होती कारण प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना, मी फोनवर पीडीएफ उघडून "ओके" केलं होतं. अक्षरं कायम फक्त काळ्या शाईत, १०० टक्के, आणि प्रूफ कागदावरचं, हातात घेऊन, उजेडात. तेव्हापासून मी प्रूफचा खर्च बजेटमध्ये वेगळ्या ओळीत लिहितो.

आता वजनकाटा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल. तुमच्या पुस्तकाच्याच साइजचं, तेवढ्याच पानांचं, तसल्याच कागदाचं दुसरं कुठलं तरी पुस्तक घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, मागे-पुढे पुठ्ठा लावा, पाकिटात घाला, टेप मारा, पत्त्याचं लेबल चिकटवा आणि मग काट्यावर ठेवा. नुसतं पुस्तक नाही, सगळं. नुसतं पुस्तक १६० ग्रॅम भरलं तर पाकिटासकट ते २३० वर सहज जातं, आणि पोस्ट असो की कुरिअर, दर टप्प्याटप्प्याने वाढतात. समजा टप्पा २५० ग्रॅमचा आहे, तर तुमच्या हातात फक्त २० ग्रॅम आहेत. हे २० ग्रॅम लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

त्याच वजनाचे दर तीन गटांत काढा, तुमचा देश, शेजारचे देश, बाकी जग. कुरिअर पाकिटाच्या आकारमानावरून वजन धरतात हेही विचारून घ्या, ढोबळ खोका वापरलात तर हवेचे पैसे भराल. परदेशात पाठवताना तिकडचे कर वेगळे, उदाहरणार्थ युरोपियन युनियनमध्ये १ जुलै २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या स्वस्त पाकिटांनाही व्हॅट लागतो, आधी २२ युरोपर्यंत सूट होती. तो कोण भरणार हे पेजवर स्पष्ट लिहा, नाहीतर वाचकाला दारात पैसे मागितले जातात आणि शिव्या तुम्हाला.

मग आकडा. चलन तुमचं तुम्ही धरा, मी नुसते आकडे लिहितो. समजा २०० प्रती छापायच्यात, दर प्रतीला १००, म्हणजे २०,०००. त्यातल्या १५० पाकिटांनी जातील असं धरू, बाकी ५० खराब निघणाऱ्या, हरवणाऱ्या आणि नंतर विकायच्या. पॅकिंग १५ प्रमाणे २,२५०. पोस्टेज ४५ प्रमाणे ६,७५०. प्रूफ, लेबल, स्टिकर, किरकोळ मिळून ३,०००. बेरीज ३२,०००.

आता फी. इथे जवळपास सगळे चुकतात. फी साधारण १० टक्के धरली तर लोक ३२,००० चे १० टक्के म्हणजे ३,२०० वाढवतात आणि ३५,२०० लिहितात. पण फी कापली जाते ती जमलेल्या रकमेवर, ३५,२०० चे १० टक्के ३,५२०, हातात येतात ३१,६८०. तुम्ही ३२० ने बुडालात. बरोबर पद्धत म्हणजे ३२,००० ला ०.९ ने भागायचं, ३५,५५६ येतात. त्यावर थोडी जास्तीची रक्कम, कारण शेवटी काही कार्डं नाकारली जातातच, काही पाकिटं परत येतात, म्हणून ३८,०००. आणखी एक गंमत, किकस्टार्टरवर कॅम्पेनमध्येच पोस्टेज घेतलंत तर ते जमलेल्या रकमेत मोजलं जातं आणि त्यावरही फी लागते, म्हणजे आकडा गाठला म्हणून नाचताना त्यातला मोठा भाग पोस्टाचा आहे हे विसरायला होतं.

३८,००० जमवायला पुस्तक २०० आणि पोस्टेज ४५ असं २४५ धरलं तर १५५-१६० लोक लागतात. आता प्रामाणिकपणे स्वतःला विचारा, आहेत का? नसतील तर प्रती कमी करा, कागद बदला, काळंपांढरं करा, पण ३८,००० लागतात माहीत असून "२०,००० ठेवू, लोक येतील" असं करू नका. २०,००० ला कॅम्पेन संपलं तर प्लॅटफॉर्मच्या हिशोबात तुम्ही यशस्वी आणि तुमच्या हिशोबात खड्ड्यात. एकदा लाइव्ह झालं की लक्ष्य बदलता येईल यावर विसंबू नका.

या हिशोबात तुमची मजुरी कुठेच नाही हे तुमच्या लक्षात आलं असेलच. चित्रकाराला पानामागे पैसे द्यायचे असतील तर ती ओळ वर वाढवा. स्वतःची मजुरी पहिल्या कॅम्पेनला बसत नाही बहुतेक वेळा, कडू आहे पण तसंच आहे. आणि जमलेला पैसा बऱ्याच ठिकाणी उत्पन्न धरला जातो, हिशोबनिसाला आधी विचारा, मार्चमध्ये... म्हणजे वर्ष संपताना नको.

रिवॉर्ड कमी ठेवा

रिवॉर्ड म्हणजे पैसे देणाऱ्याला बदल्यात जे मिळतं ते. डिजिटल पीडीएफ, छापील पुस्तक, सही केलेलं छापील पुस्तक, आणि एक-दोन महागडे. बास. कॉफीचा मग, टी-शर्ट, पोस्टर, कीचेन यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे वेगळा पुरवठादार, वेगळं पॅकिंग, वेगळा साइज, आणि टी-शर्ट असेल तर कोणाला कुठला साइज याची एक्सेल शीट. पोस्टर तर महाडांबरट, त्याला वेगळी नळी लागते आणि नळीचं पोस्टेज पुस्तकापेक्षा जास्त येतं. सपाट आणि पुस्तकाच्याच पाकिटात मावणारं काहीही चालेल, प्रिंट, बुकमार्क, स्टिकर.

महागड्यांत सगळ्यात खपतं ते म्हणजे "तुमचा चेहरा कॉमिकमध्ये" आणि मूळ हाताने काढलेलं पान. पहिल्यासाठी, बाकी सगळी पानं तयार असली तरी, एखादं पान मुद्दाम शिल्लक ठेवावं लागतं, आणि कुठल्या पानावर, गर्दीत की बोलणारं पात्र, ते लिहून ठेवा नाहीतर प्रत्येकाला नायक व्हायचं असतं. "प्रत्येक पुस्तकात हाताने स्केच" हे लिहिताना मात्र हात आवरा. एक स्केच २५ मिनिटं धरा, साठ लोकांनी घेतलं की २५ तास झाले, तेही चुकली तर पुस्तक खराब होईल या धाकात. संख्या बांधून टाका, पंधरा-वीस. तसंही थोडेच आहेत म्हटलं की लवकर जातात.

मागच्या पानावर पैसे देणाऱ्यांची नावं छापणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आवडणारं रिवॉर्ड आहे. युक्ती जुनीच आहे, १८८५ साली स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्याला पैसे कमी पडत होते तेव्हा जोसेफ पुलित्झरने आपल्या पेपरात पैसे देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापायचं कबूल केलं आणि लाखाच्या वर लोकांनी मिळून लाख डॉलरच्या वर जमवले, बहुतेकांनी एक डॉलरहूनही कमी दिले होते. फक्त नाव कसं छापायचं ते त्यांनाच विचारा, पेमेंटवरचं नाव परस्पर उचलू नका.

"लवकर येणाऱ्याला सूट" हा प्रकार मला स्वतःला आवडत नाही. सूट संपल्यावर येणारा नाराज होऊनच पेज बघतो. त्यापेक्षा पहिल्या दोन दिवसांत येणाऱ्यांना एक छोटा प्रिंट जास्तीचा द्या.

पेज

वरच्या पहिल्या स्क्रीनवर, स्क्रोल न करता, हे कळलं पाहिजे: गोष्ट कशाबद्दल आहे ते दोन ओळींत, पानं किती, साइज काय, रंगीत की काळीपांढरी, आणि किती काम झालंय. लोक तिथे आत्मचरित्र लिहितात, "लहानपणापासून मला चित्रकलेची आवड होती." असणारच हो, नसती तर कॉमिक कशाला काढलं असतं. ते खाली टाका, चार ओळी.

आतली पानं दाखवा, सलग पाच-सहा, लेटरिंगसकट. नुसती सुटी भारी चित्रं टाकली तर वाचता येणारं कॉमिक आहे की आर्टबुक आहे तेच कळत नाही. आणि थंबनेल, इथे म्हणजे यादीत दिसणारं पेजचं छोटं चित्र: कॉमिकचं कव्हर उभं असतं आणि पेजचं मुख्य चित्र आडवं, १६:९. कव्हर तसंच टाकलं की नायकाचं कपाळ आणि नावाचा खालचा भाग कापला जातो. त्यासाठी वेगळं आडवं चित्र बनवा, मग ते फोनवर अंगठ्याएवढं करून बघा, नाव वाचता आलं तर पास.

व्हिडिओ सक्तीचा नाही. बनवलात तर मिनिटभराचा, पहिल्या दहा सेकंदांत पानं दिसली पाहिजेत, आणि खाली अक्षरं हवीत कारण बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात. पेज प्लॅटफॉर्मकडून मंजूर व्हावं लागतं, लाँचच्या आदल्या रात्री पाठवू नका. आणि पोस्टेजचा तक्ता, डिलिव्हरीचा महिना, आणि "काय अडचण येऊ शकते" हा भाग, हे तिन्ही खरे खरे लिहा. डिलिव्हरीचा महिना काढताना तुम्हाला जे वाटतं त्यात तीन महिने मिळवा.

लाँचच्या आधीचे दोन महिने

खरी मेहनत इथे आहे, आणि हीच टाळली जाते. किकस्टार्टरवर प्री-लाँच पेज मिळतं, त्यावर "लाँच झालं की कळवा" असं बटण असतं. ते लवकर चालू करा आणि दर आठवड्याला एक पान, एक कच्चं स्केच, एक फसलेलं कव्हर असं काहीतरी टाकत लोकांना तिथे पाठवा. सोशल मीडियावरचे फॉलोअर मोजू नका. लाइक करणारा आणि कार्ड काढणारा हे दोन वेगळे प्राणी आहेत. ईमेलची यादी छोटी असली तरी तीच कामाला येते.

एक काम मी दरवेळी करतो, वही घेऊन नावं लिहितो. पहिल्याच दिवशी नक्की घेणार असे लोक, एकेकाचं नाव, "ऑफिसातले सगळे" असं नाही. मामेभाऊ, शाळेतला तो एक जण जो सगळं वाचतो, आधीचं मिनीकॉमिक घेतलेल्या बाई. वरच्या हिशोबात १५५ लोक लागत होते, तर वहीत निदान चाळीस-पन्नास नावं भरली पाहिजेत. वीसला अडकलात तर लाँच पुढे ढकला, त्यात कमीपणा नाही. त्या सगळ्यांना लाँचच्या आधी स्वतंत्र मेसेज करा, एकगठ्ठा फॉरवर्ड नको, नावाने, आणि तारीख-वेळ सांगा. पहिल्याच दिवशी पेजवरची जमलेल्या पैशांची पट्टी चांगली भरलेली दिसली की अनोळखी माणूस धीर करतो, रिकाम्या हॉटेलात कोणी शिरत नाही तसंच हे.

लाइव्ह झाल्यावर

कालावधी ३० दिवस किंवा त्याहून कमी. किकस्टार्टर ६० पर्यंत देतं पण साठ दिवस तोच विषय काढायला तुम्हालाही लाज वाटायला लागते. पैसे येतात ते सुरुवातीला आणि शेवटच्या दोन दिवसांत. शेवटी येतात कारण पेज सेव्ह करून ठेवलेल्यांना संपायच्या ४८ तास आधी आठवण जाते. मधले दोन आठवडे आकडा हलत नाही, दिवसाला एक, कधी शून्य, कधी कोणीतरी काढूनही घेतं. हे सगळ्यांचं होतं. दर तासाला पेज रिफ्रेश करून काही होत नाही, त्या वेळात तुमच्यासारखंच कॅम्पेन चालवणाऱ्या दुसऱ्या कॉमिकवाल्याशी बोला, तुम्ही त्यांचं अपडेटमध्ये सांगा, ते तुमचं सांगतील, वाचक तेच असतात.

लाइव्ह झाल्या झाल्या इनबॉक्समध्ये "आम्ही तुमचं कॅम्पेन प्रमोट करू, लाखो बॅकर (पैसे देणारे)" असे मेसेज येतील, डझनांनी. एकालाही उत्तर देऊ नका.

आकडा पार झाला की स्ट्रेच गोल्सची, म्हणजे लक्ष्याच्या वर जमलं तर जादा काही द्यायच्या आश्वासनांची, हाव सुटते, आणि इथे ते २० ग्रॅम आठवा. "एवढे जमले तर आठ पानं जास्त" हे फुकट वाटतं, पण १३० जीएसएमची आठ पानं म्हणजे दोन घड्या, नेहमीच्या कॉमिक साइजमध्ये साधारण २३ ग्रॅम. २३० चं पाकीट २५३ झालं, टप्पा ओलांडला, आणि प्रत्येक पाकिटाचं पोस्टेज वाढलं, जे तुम्ही आधीच घेऊन मोकळे झालात. स्ट्रेच गोल द्यायचाच तर वजन नसलेला द्या, डिजिटल गोष्ट, पडद्यामागची पीडीएफ, कव्हरवर स्पॉट यूव्ही (ठराविक भागावर चमकदार थर).

जास्त पैसे आले म्हणजे कमी त्रास असंही नाही. रिच बर्ल्यूने २०१२ साली आपल्या वेबकॉमिकची संपलेली पुस्तकं पुन्हा छापायला ५७,७५० डॉलर मागितले होते, १४,९५२ लोकांनी मिळून १२,५४,१२० डॉलर दिले. मध्ये दिलेली आश्वासनं वाढत गेली होती, त्याच वर्षी त्याच्या हाताला गंभीर दुखापत झाली, आणि सगळी रिवॉर्ड्स पोचायला वर्षं गेली. लोक थांबले, कारण तो सांगत राहिला.

आणि पडलं तर? कोणाचे पैसे गेलेले नाहीत, तुमचेही. ज्यांनी नोंदवलं होतं त्यांना तुम्ही अपडेट पाठवू शकता, तीच पुढच्या वेळची वही. आकडा कुठे जास्त झाला ते बघा, प्रती कमी करा, तीन-चार महिन्यांनी पुन्हा काढा.

पैसे आल्यावर

लगेच येत नाहीत. किकस्टार्टरला साधारण दोन आठवडे लागतात, त्यातला पहिला आठवडा नाकारलेली कार्डं दुरुस्त करण्यात जातो. छपाईवाल्याला अ‍ॅडव्हान्सची तारीख त्या हिशोबाने द्या. आलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, घरखर्चाच्या खात्यात ठेवलात तर कधी वापरला गेला कळणारही नाही.

पत्ते लवकर गोळा करू नका. माणसं घरं बदलतात. सर्व्हे, म्हणजे पत्ता विचारणारा फॉर्म, पाठवा, पण पत्ता पक्का करायची शेवटची तारीख पुस्तकं छापून यायच्या आठवडाभर आधीची ठेवा. फोन नंबर मागा, परदेशी पाकिटांना बऱ्याच कुरिअरना तो लागतोच. बॅकरकिटसारखं, कॅम्पेननंतर पत्ते आणि पैसे गोळा करणारं टूल वापरलंत तर पोस्टेज तेव्हाच्या दराने नंतर घेता येतं, शंभर-दीडशे लोकांसाठी मात्र साधी शीट पुरते.

महिन्यातून एक अपडेट, काही घडलं नसेल तरी. उशीर होणार असेल तर कळल्या दिवशी सांगा, कारणासकट, नवीन तारखेसकट. लोक उशीर चालवून घेतात, गप्प बसणं नाही.

पुस्तकं आली की गठ्ठे उघडून मोजा आणि प्रत्येक गठ्ठ्यातलं एक मधून चाळा, पानं उलटी लागलेली असतात, कधी एखादा फॉर्मच दोनदा. पॅकिंग आधी एकाचं करून बघा: पाकीट बंद करा, खांद्याच्या उंचीवरून कोपऱ्यावर पडेल असं टाका, उघडा. कोपरा दुमडला असेल तर पुठ्ठा पुस्तकापेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठा कापा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. मग रिवॉर्डनुसार ढीग लावा, एका वेळी एकाच प्रकारचे, सह्या आधी आणि शाई वाळल्यावरच पिशवीत. पहिली दहा पाकिटं पाठवून दोन-तीन दिवस थांबा, नीट पोचली असं कळलं की बाकीची. आणि उरलेल्या प्रती इतरत्र विकायला काढायच्या त्या शेवटचं पाकीट पोचल्यावर, त्यातल्याही आठ-दहा बाजूला ठेवा, सहा महिन्यांनी कोणीतरी हमखास लिहितं की माझं आलंच नाही.